बंडोपंतांच्या जेवणाची वेळ

वन्सं, आधी बंडोपंतांचं सांगते, बाकीचं नंतर. बाहेरून आल्यावर चपला काढायच्या आधी तुम्हीही तेच विचारायचात. जिवंत आहेत. अजून पुरते जेवत नाहीत, पण जिवंत आहेत. एवढं लिहितानासुद्धा मी मध्येच उठून पिंजऱ्यात डोकावून आले.

पेपरात द्यायचा मजकूर लिहायला तुमचे बंधू बसले होते. त्यांनी 'मनमिळाऊ' असा शब्द लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोडा तो. त्या वरून हसतील." तुम्ही कसल्या मनमिळाऊ! सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्ही उभ्या राहिलात की सेक्रेटरी आपोआप खाली बसायचा. शेवटी नुसतं नाव आणि वेळ छापली. तुम्हाला आवडलं असतं. म्हणजे तुम्ही फक्त "बरं आहे" म्हणाला असतात, पण आम्हाला कळलं असतं.

आमच्या मुक्तानं बंडोपंतांना आणलं तो दिवस आठवतो का? खराडीत तिच्या ऑफिसातली कुणी मैत्रीण परदेशी निघाली, जनावर ठेवायला कुणी तयार होईना, म्हणून ही बया पिंजऱ्यासकट शनिवार पेठेत हजर. "आत्या, गिनीपिग आहे. अजिबात त्रास देत नाही." तुम्ही चष्मा लावून वाकलात. "शेपूट नाही, मान नाही, काही कामधंदाही दिसत नाही. नाव काय याचं?" ती म्हणाली, "कुकी." "हे बिस्किटाचं नाव झालं. तोंड बघ त्याचं, रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखं. बंडोपंत म्हणायचं याला." आणि मग "दोन दिवसांत घेऊन जायचं, सांगून ठेवते," असंही म्हणालात. आठवड्याच्या आत मुक्ता न्यायला आली तेव्हा तुम्ही तिला दारातच म्हणालात, "कशाला आलीस? त्यांची जेवायची वेळ आहे."

देवाच्या पुडीतल्या दूर्वा निवडताना तुम्ही दोन वाटे करायला लागलात. कोवळ्या निवडून गणपतीला आणि उरलेली जुडी धुऊन बंडोपंतांना. पुडीचा कागद वाजला की ते शीळ घालायचे. "देवाला थांबवतं हे मेलं," असं म्हणत आधी तुम्ही त्यांनाच द्यायचात. गणपतीनं कधी तक्रार केली नाही.

त्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात, ओट्याच्या टोकाशी. शेजारी तुमचा पाट आणि विळी. गुडघे कुरकुरायचे, पण खुर्चीवर बसून भाजी चिरणं म्हणजे तुमच्या मते ऑफिसात बसल्यासारखं. मी ओट्याशी, तुम्ही खाली, आणि फोडणी तडतडली की आपलं सुरू.

"गूळ घातलास?"

"नाही."

"मग ती आमटी नव्हे. काढा आहे."

"वर्ध्याला आम्ही आमटीत गूळ घालत नाही. खीर वेगळी करतो."

"म्हणून तर तुला लग्न करून पुण्यात आणली."

तीस वर्षांहून जास्त झाली असतील. वन्सं, एवढी वर्षं रोज एकच भांडण माणसं कशी भांडतात! ना तुम्ही हरलात, ना मी. तुमच्या पानात तुम्ही गुळाचा खडा वेगळा घ्यायचात आणि माझ्याकडे बघत बघत आमटीत विरघळवायचात. तुमचे बंधू दोघींच्या मध्ये बसून खाली मान घालून जेवायचे. एकदाही त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. आणि पिंजऱ्यात बंडोपंत आपल्या दोघींच्या आवाजाच्या तालावर कोथिंबिरीच्या काड्या आत ओढत बसायचे.

मग बंडोपंतांच्या छातीत कफ झाला. नाक वाहायला लागलं, अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहिले. स्वारगेटपलीकडच्या डॉक्टरीणबाईंकडे आपण त्यांना टोपलीत घालून रिक्षानं नेलं. रिक्षावाल्यानं तीनदा वळून विचारलं, "काय आहे काकू, ससा? उंदीर?" तुम्ही म्हणालात, "दादा, तुम्ही समोर बघा. आम्ही पोचलो की ते स्वतःच ओळख करून देतील." औषधानं कफ सुटला, शिंका थांबल्या. पण भूक काही परत येईना. समोर हिरवंगार ठेवलं तरी तोंड वळवायचे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आजार गेलाय, पण याचं पोट सतत चालू राहावं लागतं. आपल्यासारखा उपास याला चालत नाही. एक दिवस पोट थांबलं तरी जिवावर बेततं. स्वतः खात नाही तोवर भरवा."

त्या दिवसापासून तुम्ही दुसरं काही केलं नाहीत. त्यांच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या, पंच्यात बाळासारखं गुंडाळायचं आणि सुई नसलेल्या पिचकारीनं थोडं थोडं तोंडात सोडायचं. एक घोट, मग थांबायचं. चघळून झालं की दुसरा. तुमच्या साडीवर हिरवे डाग पडले होते. मी मदतीला हात पुढे केला की "तुला जमायचं नाही" म्हणायचात. असली नाकानं कांदे सोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि त्या सकाळी तो लगदा कालवता कालवता तुम्ही पाटावर बसलात त्या उठल्याच नाहीत. "जरा दम लागलाय" म्हणालात. ओठ पांढरे पडले होते. लिफ्टपर्यंत खुर्चीतून नेलं, खाली गाडी आली. हॉस्पिटलात नळ्या लावल्या, तरी तुम्ही माझ्याकडे बोट करून जवळ बोलावलंत. मला वाटलं काही शेवटचं सांगताय. वाकले. तुम्ही म्हणालात, "त्याला बाजूनं पाज. समोरून नको, ठसका लागतो."

मी म्हटलं, "कळतं मला."

झालं. आपलं शेवटचं बोलणं ते. दुपारी तुम्ही गेलात. "कळतं मला" हे काय निरोपाचं वाक्य आहे? दुसरं काही सुचलंच नाही, कारण तुम्ही जाल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्हाला वाटलं होतं का? मग बंडोपंतांचं सोडून माझ्यासाठी एखादा शब्द काढला असतात तर काय बिघडलं असतं? बघा, मी अजून भांडतेच आहे.

घरी आलो. तळेगावहून तुमच्या चुलतबहीण माई आल्या आणि सुतकाचं सगळं त्यांनी हातात घेतलं. शेजारच्यांचं पिठलं-भात आलं. देवघराला पडदा लागला, पूजा थांबली, फुलपुडी बंद झाली. टीव्ही बंद. फोडणी घालायची नाही, तळायचं नाही. नुसतं वरण आणि भात. तुमच्या जागी दिवा लावला, आणि दिव्यापाशी जनावर नको म्हणून पिंजरा मागच्या गॅलरीत गेला. तुमची विळी बघवत नाही म्हणून माईंनी ती माळ्यावर टाकली. मोठ्यानं कुणी बोललं की "हळू गं" म्हणायच्या. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. रीत आहे, आणि मलाही त्या रीतीचा आधार वाटत होता. काय करायचं ते कुणीतरी सांगत होतं, एवढंच पुष्कळ होतं.

मी बंडोपंतांना पाजत होते. बाजूनं. गॅलरीत बसून, पंच्यात गुंडाळून, तुम्ही करायचात तसंच. आधी आधी निम्मा लगदा माझ्याच मांडीवर. दिलेलं ते गिळायचे, पण आपण होऊन एक काडी उचलायचे नाहीत. पिंजऱ्यातलं वाळकं गवत जसंच्या तसं. लेंड्या बारीक झाल्या, मोहरीएवढ्या. मी भाताचं काम टाकून दर थोड्या वेळानं गॅलरीत जायची, पोटाला हात लावायची, कान देऊन श्वास ऐकायची. लोक भेटायला यायचे, तुमच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलायचे, मी मान हलवायची आणि मनात एकच चालू असायचं: हलतोय का? हलतोय ना? वन्सं, खरं सांगते, तुमच्यासाठी रडायला मला सवडच मिळाली नाही. जीव सगळा टांगणीला लागलेला. तुम्ही दिलेलं शेवटचं काम, आणि ते माझ्या हातून सुटत चाललेलं दिसत होतं.

तुमचे बंधूही जेवत नव्हते. पानावर बसायचे, भात चिवडायचे, "भूक नाही" म्हणून उठायचे. माई म्हणायच्या, "दोन घास खा रे." ते हो म्हणायचे आणि हात धुवायचे. त्यांना काही पंच्यात गुंडाळून पाजता येत नाही.

मी दूर्वा आणल्या. कोपऱ्यावरचा फुलवाला म्हणाला, "काकू, सुतक ना तुमच्याकडे?" मी म्हटलं, "देवाला नकोत." जुडी धुऊन पिंजऱ्यात ठेवली. बंडोपंतांनी नाक हलवलं, आणि माझ्या काळजात एकदम आशा आली. पण त्यांनी हुंगलं आणि पाठ फिरवली. दूर्वासुद्धा नकोत म्हणजे आता काय राहिलं?

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "भरवून किती दिवस काढणार? त्यानं स्वतः तोंड लावायला हवं. आधी कुठे खायचा, कसा खायचा, आसपास काय असायचं? जमेल तेवढं तसंच करून बघा. फार वेळ नाही हातात."

कसा खायचा? मी गॅलरीत उभी राहून विचार करत होते. आतून आवाज येत नव्हता. ना कुकर, ना फोडणी, ना भांडण. एवढी शांतता आपल्या घरात कधी नव्हती, आणि तिथे मला माझी आई गेली तेव्हाचं आठवलं.

वर्ध्याहून परत आले आणि मी खोलीत पडून राहिले होते. जेवणावरची वासनाच गेली होती. सगळे समजावून गेले, डोक्यावरून हात फिरवून गेले. तुम्ही आलात ते दारातच उभ्या राहून म्हणालात, "आज मी आमटी केलीय. भरपूर गूळ घालून. तुझ्या आईला आवडली असती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई आणि गुळाची आमटी! मी तशीच उठले, ओट्याशी गेले, तुमच्या नाकावर टिच्चून वर्ध्याची झणझणीत आमटी केली आणि रागारागात वाडगाभर भात खाल्ला. तुम्ही पाटावर बसून बघत होतात. वन्सं, ते मुद्दाम होतं ना? विचारायचं राहिलं. दरवेळी वाटायचं, विचारू की, घाई काय आहे.

मी पिंजरा उचलला आणि थेट स्वयंपाकघरात आणून ठेवला, त्याच्या जागी. स्टुलावर चढून माळ्यावरची विळी काढली. माई धावत आल्या. "अगं, काय चाललंय हे?"

"फोडणी घालतेय माई."

"दहावं होऊ दे गं! लोक काय म्हणतील? सुमनचा दिवा समोर आहे!"

"दहाव्यापर्यंत हा थांबला नाही तर? वन्संना काय सांगू मी? रीत पाळत बसले होते म्हणून?"

माई तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. माझाही आवाज चढला होता. त्या दिवसांत घरात पहिल्यांदाच कुणी इतक्या मोठ्यानं बोललं असेल. मी तेल तापवलं, मोहरी टाकली. ती तडतडली, हिंगाचा वास सुटला, आणि पिंजऱ्यात बंडोपंतांनी मान वर केली. एवढंच. खाल्लं काही नाही, पण मान वर केली. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन तुमच्या पाटावर बसले, काड्या चिरल्या, दोन त्यांच्यापुढे टाकल्या. ते बघत राहिले. मला कळत होतं काय हवंय ते. मी आपली मलाच म्हणाले, "गूळ घातलास?" आणि मीच उत्तर दिलं, "नाही."

वेड्यासारखं वाटलं. तुमचा तो तुसडा सूर मला कुठला जमायला! पुन्हा म्हटलं, तर आणखीच खोटं वाटलं. बंडोपंतांनी मान खाली घातली. संपलं, असं वाटलं मला. आता हाही जाणार.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"गूळ नसेल तर ती आमटी नव्हे. काढा आहे."

तुमचे बंधू होते. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, भिंतीला टेकून उभे. वन्सं, सूर अगदी तुमचा. तोच कोरडा, तोच खवचट. सख्खे भाऊ आहात हे मला तेव्हा कळलं म्हणा ना! मी इतकी चमकले की विचार न करता तोंडातून निघून गेलं, "वर्ध्याला आम्ही गूळ घालत नाही!"

"म्हणून तर पुण्यात आणली तुला."

"आणली कसली? मी आले!"

"आलीस ते आलीस, शिकली काहीच नाहीस."

"एवढी वर्षं मुकाट्यानं जेवलात, आता तोंड फुटलं का?"

"एवढी वर्षं बोलायला ताई होती."

मी पुढची काडी विळीवर धरली. आणि पिंजऱ्यातून कुरकुर कुरकुर आवाज आला. बारीकसा. आम्ही तिघांनी एकदम खाली पाहिलं. बंडोपंतांच्या तोंडात कोथिंबिरीची काडी होती आणि ती हळूहळू आत चालली होती. संपली. त्यांनी दुसरी उचलली.

कुणी हललं नाही. माईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मग त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, थांबलीस का? भांड ना!"

तेव्हा मी रडले, वन्सं. तुमच्यासाठी. पाटावर बसून, विळीवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत. त्या दिवशी तुमचे बंधू वरणाशिवायचं काहीतरी पहिल्यांदा जेवले. दोनदा आमटी घेतली आणि दोन्ही वेळा नावं ठेवली. माईंनीही घेतली. "दिव्याकडे पाठ करून खाते," म्हणाल्या.

परवा तुमचं तेरावं झालं, माई तळेगावला गेल्या. दूर्वा पुन्हा येतात, दोन वाटे होतात. बंडोपंतांचं वजन मी स्वयंपाकाच्या काट्यावर रोज बघते. कधी किंचित वाढतं, कधी घटतं, आणि घटलं की माझा सगळा दिवस काळजीत जातो. पिचकारी अजून सुटलेली नाही. आपल्या तोंडानं ते फक्त स्वयंपाकाच्या वेळी खातात, फोडणी घातल्यावर, आणि तेही आम्ही भांडत असलो तरच. समेट झाला की तोंड थांबतं. आणि तुमच्या बंधूंना भांडता कुठे येतं! दोन वाक्यं झाली की "बरं, राहू दे" म्हणून मोकळे. मग मला त्यांना टोचून टोचून उठवावं लागतं. तुमच्यासारखं भांडायला माणसात दम लागतो, हे मी तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

आणखी एक म्हणायचं राहिलं. ते इथेच लिहिते, मोठ्यानं वाचणार नाही, बंडोपंत शेजारीच आहेत. वन्सं, आमटी गुळाचीच चांगली लागते. फार वर्षांपूर्वी, तुम्ही तुमच्या पानातली उरलेली आमटी झाकून ठेवून गावाला गेला होतात, तेव्हा मी ती चाखली होती. तेव्हापासून माहीत आहे मला. तुम्हाला कधीतरी सांगणार होते. सांगितलं असतं तर तुम्ही कसं बघितलं असतंत, तेही मला माहीत आहे.

आता तर सांगायची सोयच उरली नाही. गुळाचा डबा तुम्ही ठेवलात तिथेच आहे, ओट्याच्या वर, हाताशी. आज आमटी उकळताना माझा हात गेला होता तिकडे. खाली पाहिलं तर बंडोपंत काडी तोंडात धरून माझ्याकडे बघत होते, आणि दारात तुमचे बंधू तोंड उघडायच्या बेतात. मी हात मागे घेतला.

"गूळ घातलास?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "घालणारही नाही."